वाण आणि गुण

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या डोक्यात तत्त्वज्ञानातला एक अवघड प्रश्न घोळत असला पाहिजे. रंग लागला नाही आणि गुण मात्र लागला, म्हणजे नेमके काय झाले? ढवळ्याचा गुण ढवळ्यापाशी होता तितकाच राहिला, त्यातला तसूभरही कमी झाला नाही, आणि पवळ्यापाशी तो आला. पैशाचे असे होत नाही. माझ्या खिशातला रुपया तुमच्या खिशात गेला की माझा खिसा हलका होतो. गुण दिल्याने सरत नाही. आणि गंमत अशी की, बहुधा तो कोणी दिलेलाही नसतो. ही म्हण आपण वाईट गुणांपुरतीच वापरतो, ही गोष्ट वेगळी. चांगला गुण असा नुसता शेजारी बांधल्याने लागतो, असे मी अजून कोणाही शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलेले नाही.

आमच्या जुन्या वैशेषिकांचे मत तर असे की, गुण कोठे जाऊच शकत नाही. तो ज्या द्रव्याच्या आश्रयाने राहतो, त्याला समवायाने चिकटलेला असतो. या मडक्याचा तांबडेपणा या मडक्यातच राहावयाचा. त्या मडक्याचा तांबडेपणा दिसायला तसाच, पण हाच नव्हे. वर्गात हे शिकवताना मुले जांभया देत आणि खरे सांगायचे तर मलाही तो काथ्याकूटच वाटे. नोकरीतून मोकळा होऊन बरीच वर्षे झाल्यावर त्या मडक्यांची आठवण झाली ती पुणे-लोणावळा लोकलमध्ये.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. माझी भाची हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत काम करते. सुटीच्या दिवशी भाज्याची लेणी पाहावयाची म्हणून मी तिला बरोबर घेतले होते, किंबहुना तिने मला घेतले होते. गाडीत बसल्यापासून तिच्या जांभया चालल्या होत्या. विचारले, तर म्हणाली, "मामा, दोन रात्री एका नकलेपायी गेल्या."

तिने जे सांगितले ते मला समजले तसे सांगतो. संगणकाच्या भाषेत वस्तू म्हणजे एक फडताळ समजावे. त्याला खण असतात आणि प्रत्येक खणावर चिठ्ठी असते: नाव, वय, फोन. या खणांतल्या मजकुराला ती मंडळी प्रॉपर्टी म्हणतात. आपण गुण म्हणू. एका फडताळातले सगळे गुण दुसऱ्यात उतरवून घेण्याची सोय त्या भाषेत आहे. एका ओळीचे काम. भाची एका पाहुणेघराच्या नोंदीचा कार्यक्रम लिहीत होती. एकाच घरातली माणसे येतात, तेव्हा पहिल्याची नोंद दुसऱ्यासाठी उतरवून घ्यायची आणि फक्त वेगळे तेवढे बदलायचे, अशी तिची युक्ती. नाव बदलले, वय बदलले, सारे ठीक. मग दुसऱ्या पाहुण्याच्या जेवणाच्या यादीतली 'शेंगदाणा वर्ज्य' ही ओळ खोडली, आणि पाहते तो पहिल्या पाहुण्याच्या यादीतूनही ती ओळ गेलेली! चाचणीत सापडले म्हणून बरे. नाहीतर, ज्याला शेंगदाण्याने श्वास कोंडण्याइतका त्रास होतो असा कोणी खरा माणूस या चिक्कीच्या मुलखात जेवायला बसला असता.

"पण तू नक्कल केली होतीस ना? मग मूळ कसे बदलले?"

"तिथेच तर फसले. नाव, वय ही खणात प्रत्यक्ष असतात. यादी मात्र खणात नसते. खणात असतो तिचा पत्ता. यादी दुसरीकडेच कुठेतरी ठेवलेली. मी पत्ता उतरवला, यादी नाही. दोन फडताळे झाली, पण यादी एकच राहिली."

याला ते लोक उथळ नक्कल म्हणतात. पत्त्यावर जाऊन तिथली वस्तूही नव्याने घडवायची, तिच्या आत आणखी पत्ते असतील तर तेथेही जायचे, ही खोल नक्कल. मी म्हटले, मग नेहमी खोलच करावी. ती हसली. "तसेही नाही रे मामा. घरातल्या चौघांच्या नोंदीत घराचा पत्ता चार वेळा खोल उतरवलास आणि घर बदलले, तर एकाचा बदलशील आणि तिघे जुन्याच घरी राहतील. कुठे सामायिक हवे आणि कुठे स्वतंत्र, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ओळ एकच असते. विचार आधी करायचा असतो."

इतक्यात मळवली आले.

मळवलीहून भाजे गाव जवळच. द्रुतगती मार्ग ओलांडला की एका बाजूला लोहगड आणि विसापूर, समोर गाव, आणि गावामागच्या टेकडीत लेणी. चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे मानतात. म्हणजे आपल्याकडच्या अगदी आरंभीच्या लेण्यांपैकी. पुढचा दर्शनी भाग लाकडाचा होता, तो कधीच गेला. खाचा तेवढ्या राहिल्या आहेत. आत शिरले की २७ साधे, अष्टकोनी खांब दोन्ही बाजूंनी स्तूपाला वळसा घालून उभे दिसतात. आणि थोडा वेळ पाहिल्यावर मनाला काहीतरी खटकते. हे खांब सरळ नाहीत. दोन्ही ओळी वरच्या बाजूला आत कललेल्या आहेत, सुमारे पाच-पाच इंच. पहिल्यांदा आपल्यालाच गरगरल्यासारखे वाटते.

कारण सांगितले की नवल संपते, आणि मग दुसरे नवल सुरू होते. त्या काळचे सभामंडप लाकडाचे असत. वर कमानीचे छप्पर घातले की ते आपल्या वजनाने खालच्या खांबांना बाहेर रेटते. म्हणून सुतार खांब मुळातच थोडे आत कलते रोवी. रेट्याला तेवढा उलटा जोर मिळे. तो कल म्हणजे नुसती शोभा नव्हे. छप्पर उभे राहण्याचा तो भाग होता. भाज्याच्या कारागिरांनी तो लाकडी मंडप डोंगरात उतरवला आणि कलही उतरवला. पण डोंगरात रेटा नाही. छप्पर आणि खांब एकाच खडकाचे. कोणी कोणाला ढकलीत नाही. त्याहून मौज अशी की, लेणे वरून खाली खोदत आणतात. म्हणजे छत आधी तयार होते आणि खांब मागाहून. ज्याला छत पेलायचे, त्याच्या जन्माआधीच छत तेथे उभे! घारापुरीला कित्येक खांब मोडून गेले होते आणि छत आपले जागच्या जागी होते, ते यामुळेच. लाकडी खांब रेट्यापुढे वाकू नये म्हणून कलला. दगडी खांब लाकडी खांब कलला होता म्हणून कलला.

भाज्याच्या छताखाली सागाच्या कमानी बसवलेल्या आहेत. खऱ्या लाकडाच्या, बाविसेक शतके टिकलेल्या. त्याही काही पेलीत नाहीत. दगडी छताला लाकडी फासळ्या! भाचीने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "यांनी पत्तासुद्धा तसाच ठेवलाय."

मी काही बोललो नाही. त्या कललेल्या खांबांपाशी उभा असताना माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच कोणी उभे होते.

माझे वडील रेल्वेत होते, बोरघाटात. १८६३ साली हा घाट आगगाडीला खुला झाला, तेव्हापासून त्याचा ३७ फुटांत एक फुटाचा चढ-उतार रेल्वेच्या माणसांच्या अंगवळणी पडला आहे. घाट उतरणारी गाडी ब्रेक सुटून बेफाम होऊ नये यासाठी तेथे एक योजना असे. गाडी केबिनपाशी येई, तेव्हा रूळ मुख्य मार्गाला जोडलेले नसतच. ते मुद्दाम चढणीच्या आडमार्गाकडे वळवून ठेवलेले असत. गाडी पुरती थांबली, ठरलेला वेळ गेला, म्हणजे ब्रेक शाबूत आहेत हे सिद्ध झाले. मगच मुख्य मार्ग जोडायचा. न थांबणारी गाडी चढणीवर जाऊन दमून उभी राही. वडिलांचे काम त्या रुळांपाशी होते. घड्याळ पुरे होण्याआधी रस्ता द्यायचा नाही. मग ड्रायव्हर ओळखीचा असो, गाडीत कोणीही बसलेले असो.

हा माणूस घरीही तसाच होता. ठरल्या वेळी घरी न येणाऱ्याशी ते बोलत नसत. रागावणे नाही, मारणे नाही. नुसते बोलणे बंद. मी बारा वर्षांचा असताना एकदा दिवेलागणीनंतर तासभराने परतलो आणि तीन दिवस त्या मौनात काढले. चौथ्या रात्री त्यांनी मला उठवले, कांबळे पांघरले आणि केबिनमध्ये नेले. कंदील, लिव्हर, घड्याळ. खाली अंधारात एक मालगाडी येऊन थांबली. वडील घड्याळाकडे बोट दाखवून उभे राहिले. काटा फिरला, त्यांनी लिव्हर ओढला, गाडी गेली. "कळले?" एवढेच विचारले. मला कळले. आजही ते सगळे जसेच्या तसे दिसते.

पुढे मला मुलगा झाला. तोही एकदा रात्री उशिरा आला, पावसात भिजून. मित्राची सायकल पंक्चर झाली म्हणून चालत आला होता. मी तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही. वडिलांचा गुण मी घेतला आहे याचा त्या तीन दिवसांत मला, सांगायला लाज वाटते, एक प्रकारचा आनंदच होता. चौथ्या दिवशी काय करावे हे मला कळेना. माझ्यापाशी दाखवायला केबिन नव्हती. मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवीत होतो. माझ्या तासाला मी पाच मिनिटे उशिरा गेलो असतो तरी कोणाचाही जीव जाणार नव्हता. मौन आपोआप विरघळले, पण पुरते नाही. नंतर अनेक वर्षे मुलगा घरात शिरताना आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाही आणि मग माझ्याकडे. कधीकधी माझ्याकडे पाहतच नसे.

ढवळ्याचा गुण मला लागला होता. ढवळ्याच्या मानेवरचे जू मात्र माझ्या मानेवर नव्हते.

हे आज लिहिणे सोपे आहे. तेव्हा कोणी हे सांगितले असते तरी मी ऐकले नसते आणि त्याचे कारण मला त्या लोकलमध्ये समजले. मला अनेकदा वाटे की आता ढील द्यावी. पोरगा मोठा झाला, जग बदलले. पण ढील द्यायला गेलो की आतून कोणीतरी हात धरी. वडिलांचा नियम माझ्या घरात मोडला, तर घाटातल्या त्या केबिनमध्येही काहीतरी मोडेल; मी एक ओळ येथे खोडली तर त्यांच्या यादीतूनही ती जाईल, असे भय होते. शिस्त माझ्या घरी आलीच नव्हती; माझ्या खणात तिचा पत्ता होता आणि यादी वडिलांच्या केबिनमध्ये. मला वाटते, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांत आईबापांचे गुण असे पत्त्याच्या रूपाने नांदत असतात. सोवळे, काटकसर, स्वाभिमान, कोणाचे पाच पैसे न घेणे. ते पाळताना आपण त्यांच्या स्वाधीन असतो आणि मोडताना त्यांचे अपराधी. आपले असे ते कधी होतच नाहीत.

पण मग नक्कल ही खोटीच का? दुपारी आम्ही कार्ल्याला गेलो, आणि तेथे माझे उत्तर जरा डळमळले. कार्ल्याचे चैत्यगृह भाज्याहून दीड-दोनशे वर्षांनी तरी पुढचे. सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने आपल्या लेखात याला जंबुद्वीपातले उत्तम शैलगृह म्हटले आहे, आणि आत उभे राहिल्यावर ती बढाई वाटत नाही. येथे ३७ खांब आहेत आणि ते सरळ आहेत. मधल्या काळात कोणीतरी, केव्हातरी, तो कल सोडून दिला. कोणी ठराव केला नसेल. एखाद्या जुन्या कारागिराने नाक मुरडलेही असेल. पण सागाच्या फासळ्या त्यांनी सोडल्या नाहीत. त्या आजही तेथे आहेत आणि त्या नसत्या तर ती कमान उघडी-बोडकी दिसली असती, हे मी तार्किक असूनही कबूल करतो. म्हणजे आजोबांचा एक गुण निरोप देऊन पाठवला आणि दुसरा, निरुपयोगी म्हणून ठाऊक असताना, प्रेमाने घरात ठेवला.

येथल्या दानलेखांत धेनुकाकटच्या एका माणसाचे नाव आहे. सामी, वेणुवासाचा मुलगा. लेण्याचे एक द्वार त्याने केले असे लेख म्हणतो, आणि त्याचा व्यवसाय दिला आहे वढकी, म्हणजे वर्धकी, सुतार. दगडी लेण्याचे दार सुताराने करावे! हा शब्द वाचल्यापासून मला त्या लोकांवर उथळ नकलेचा आरोप करवत नाही. लाकडाची आठवण ज्यांच्या बोटांत होती तेच हात दगडाला लागले होते. त्यांना दुसरे घर ठाऊकच नव्हते. देवघर म्हटले की त्यांच्या मनात लाकडाचेच उभे राही. कित्येक शतकांनंतर वेरूळच्या दहाव्या लेण्यात फासळ्याही दगडातच कोरल्या गेल्या, लाकूड उरलेच नाही, आणि लोक त्या लेण्याला काय म्हणतात? सुताराची झोपडी.

कार्ल्याहून परतताना मळवलीच्या वाटेवर एका घरापुढे नव्या भाताची पोती होती. इंद्रायणी. हा तांदूळ मावळचाच; वडगावच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली तो आला. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांचा संकर. आंबेमोहराला आंब्याच्या मोहराचा वास, पण रोप उंच, खत जरा जास्त झाले की लोळायचे, उतारा कमी. आयआर ८ हे १९६६ साली फिलिपीन्समधून आलेले बुटके, भरघोस वाण. त्याचा बुटकेपणा तैवानातल्या एका जुन्या भाताकडून घेतलेला. याचा वास त्यात उतरवायचा. पण भाचीसारखी एक ओळ लिहून भागत नाही. मागाल तो गुण तेवढा येत नाही. दोन्हीकडचे सगळेच मिसळून येते आणि मग पिढ्यान्पिढ्या शेतात उभे राहून निवडीत बसावे लागते. वाण नवे झाले तेव्हा कोठे गुण लागला. म्हणीच्या उलट!

आणि वास म्हणजे तरी काय? बासमतीसारख्या सुगंधी तांदळांत एक विकर नीट तयारच होत नाही, असे शास्त्रज्ञांना आढळले आहे. ते असते, तर ज्या द्रव्याचे दुसरे काही झाले असते, ते तसे न झाल्यामुळे सुगंधी द्रव्य साठत राहते. म्हणजे गुण दिसतो तो कशाच्या तरी नसण्याचा. पुढच्या वैशेषिकांनी अभाव हा सातवा पदार्थ मानला, तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात काय शिजत होते कोण जाणे! माझ्या वडिलांच्या मौनातही असाच एखादा अभाव असेल का, असे मनात आले. त्यांना शब्द जमत नसत. ते गप्प बसले म्हणून तर त्यांना केबिन दाखवावी लागली. मला शब्द जमत होते, पोटापाण्याचा धंदाच तो. आणि मी गप्प बसलो.

घरातली बाई पोत्यापाशी आली. "किती देऊ, बाबा?"

"दहा किलो."

"नवा का जुना?"

आमच्याकडे जुनाच लागतो. नवा तांदूळ गिच्च होतो. वडिलांना मोकळा भात लागे, म्हणून आईने जुना आणायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून तोच. दिवाळीला मुलगा आला होता, तेव्हा ताटात तोच होता. लहानपणी त्याला गिच्च भातच आवडायचा, तूप घालून, बोटांनी गोळे करून. ही गोष्ट मला तेथे त्या अंगणात आठवली.

"पाच-पाच दोन्ही द्या," मी म्हटले, "आणि पिशव्या वेगळ्या करा."

लोकल वीस मिनिटे उशिरा आली. मी दोनदा घड्याळाकडे पाहिले, तेव्हा भाचीने काही न बोलता दोन्ही पिशव्या उचलून आपल्या हातात घेतल्या.